हातानेच आवळलेले नट

मी मुळात भित्री. गॅस बंद केला होता ना, लिफ्ट मध्येच अडकली तर काय, मुलगी अजून कशी आली नाही, असल्या काळज्यांवर माझा दिवस चालतो. नवरा नेमका उलटा. तो इंजिनिअर, संशोधनातला. त्याच्या मते भीती म्हणजे न मोजलेली गोष्ट. मोजली की संपली. आमची गाडी जुनी, सात सीटची, उंच. तिचे पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकाला धरून ठेवणारे खालचे आर्म थकले, तेव्हा बाहेरच्या कंपनीचा सेट मागवून तो स्वतःच बसवायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. मी नको म्हणाले. मी नको म्हणते हे आमच्या घरात कुणी फारसं मनावर घेत नाही, कारण मी सगळ्यालाच नको म्हणते.

आम्ही परदेशात राहतो. इथे यिशुन भागातल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका चिनी अंकलचं गॅरेज आहे. ओळखीमुळे ते शनिवारी आम्हाला गाडी वर उचलायची एक लिफ्ट वापरायला देतात. नवरा गाडीखाली, मी टॉर्च धरून. मी अकाउंटंट, त्यामुळे खुणा करण्याचं कामही माझ्याकडे. टॉर्क रेंच ‘कट्’ असं वाजलं, म्हणजे नट हवा तेवढा आवळला गेला, की मी त्यावर पिवळ्या पेनने एक रेघ मारते. रेघ म्हणजे काम झालं. प्रवासाच्या बॅगांपासून वाण्याच्या सामानापर्यंत माझं सगळं असंच चालतं, आणि मुलगी माझ्या या रेघांमध्येच मोठी झाली आहे.

त्या शनिवारी माझी कंबर धरली होती, म्हणून पेनही नवऱ्याकडेच होतं. नवे आर्म बसले, चाकं लागली, चाकांचे नट नीट आवळून झाले. पण आर्मचे नट त्याने हातानेच आवळून ठेवले. आर्ममध्ये रबराचे बुश असतात. चाकं हवेत लोंबकळत असताना ते नट पक्के केले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. म्हणून आधी गाडी जमिनीवर आणायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मग रेंच लावायचं. हे तो मला समजावत होता आणि समजावता समजावता प्रत्येक नटावरून बाजूच्या आर्मपर्यंत आडवी पिवळी रेघ ओढत होता. नंतर नट फिरला की रेघ तुटेल आणि तो किती फिरला ते दिसेल, अशी त्याची पद्धत. मी हं हं म्हटलं. माझं लक्ष कंबरेकडे होतं.

वजनावर काम करायला जो रॅम्प लागतो, त्यावर दुसऱ्याची गाडी चढलेली होती. आमची गाडी लिफ्टवरून उतरवून बाजूला लावली. अंकल म्हणाले, जेवून या. आम्ही कोपऱ्यावरच्या कॅन्टीनमध्ये गेलो. त्याने टॉर्क रेंचची पेटीसुद्धा बरोबर घेतली, ती तो कुणाच्या भरवशावर सोडत नाही.

परत आलो तर गाडी जागेवर नव्हती.

"युअर डॉटर टेक ऑलरेडी लाह," अंकल म्हणाले. "शी लुक लुक अंडर, देन गो."

मुलगी दुपारी येऊन गाडी नेणार हे ठरलेलंच होतं. माझी आई नागपूरहून इकडे आली होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला, माझ्या बहिणीकडे राहत होती, तिला घेऊन यायचं होतं. पण मुलगी लवकर आली, आणि दुसरी किल्ली तिच्याकडे होतीच. फोनवर तिचा मेसेज पडला होता: टेकिंग द कार, बाय. तो मी पाहिला नव्हता.

 मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता, आणि त्या रंगाने मी जास्त घाबरले, कारण हा माणूस कधी घाबरत नाही.

"निघाले नट तर काय होईल?" मी विचारलं.

"लगेच निघणार नाहीत," तो म्हणाला. मग म्हणाला, "चाक आडवं होऊ शकतं."

मुलीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, बॅगेत मागे टाकायचा, हा माझा नियम. लायसन्स मिळाल्या दिवशी तिच्याकडून वदवून घेतलेला. तरी मी लावत राहिले. बहिणीला फोन केला: ती आली की कुणाला गाडीत बसू देऊ नकोस, तिलाही परत निघू देऊ नकोस. बहीण म्हणाली, "अगं, ती अजून आलीच नाही."

आम्ही टॅक्सी केली. टॅक्सी एक्स्प्रेसवेला लागली आणि मी डाव्या कडेची प्रत्येक उभी गाडी बघायला लागले. आमच्या रंगाची गाडी लांबून दिसली की मी ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगायचे, जवळ गेल्यावर ती दुसऱ्याची निघायची. मनात त्रिशरण सुरू झालं होतं आणि दर वेळी दुसऱ्या ओळीवर तुटत होतं. वर लटकणाऱ्या बोर्डावर ॲक्सिडेंट लिहून आलं. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट दाबला की तो कळवळला. पुढे रस्त्याच्या कडेला एक लॉरी होती, तिच्यामागे आडवी पडलेली मोटरसायकल. आमची गाडी नव्हती. त्या मोटरसायकलवाल्यालाही आई असेलच, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त सुटले असं वाटलं, आणि त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती.

पासिर रिसच्या इमारतीखाली पोचतो तोच बहिणीचा फोन आला: आली, वर आहे, आजी तिला जेवायला वाढतेय. मी टॅक्सीच्या दाराला धरून उभी राहिले. काय काय बोलायचं ते मी वाटेत सगळं तयार केलं होतं. न विचारता गाडी नेलीस कशी, इथपासून सुरुवात होती.

गाडी मल्टिस्टोरी कारपार्कमध्ये होती. इथे गाडीचं काम करायला परवानगी नाही, पण नवऱ्याने चाक पूर्ण वळवून ठेवलं, जमिनीवर आडवा झाला आणि कसाबसा आत सरकला. तोवर मुलगी खाली आली. तिच्यासमोरच त्याने डाव्या आर्मच्या नटावर दोन बोटं ठेवली. नट बोटांनी फिरला.

मुलगी बघत राहिली. "बट आय चेक्ड," ती म्हणाली. "पप्पा, आय लुक्ड. प्रत्येकावर यलो लाइन होती."

 तिने वाकून बघितलं होतं. मी शिकवलं होतं तसंच बघितलं होतं. नवऱ्याची रेघ कामाच्या सुरुवातीची, माझी शेवटची, आणि आम्ही दोघांनीही ते पोरीला कधी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याने रेंच लावलं. ते बरंच फिरलं आणि मग कट् वाजलं. दोन्ही बाजूंच्या बाकी नटांना तसंच. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मराठी फक्त आजीसाठी राखून ठेवते. आता ती हळूच मराठीत म्हणाली, "आई, आवाज येत होता. वळणावर. टक टक."

"मग थांबली का नाहीस?"

"मला वाटलं मलाच नीट चालवता येत नाही. तू नेहमी म्हणतेस ना."

एक्स्प्रेसवेवर वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. हळू चालव, अगं ब्रेक, अशी वळवतात का गाडी, हे मी तिच्या कानात इतकं ओतलं होतं की गाडी जीव तोडून सांगत होती आणि पोरगी स्वतःलाच दोष देत पुढे जात होती. तयार केलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे वाकावं तिलाच लागलं.

परतताना गाडी तिनेच चालवावी असं मी म्हणाले. नवऱ्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. आई मागे माझ्या शेजारी बसली, मांडीवर करंज्यांचा डबा. कारपार्कच्या उतारावर मागे काहीतरी वाजलं. मुलीने लगेच गाडी कडेला घेतली, हॅझर्ड लाइट लावले आणि म्हणाली, "आवाज आला."

"माझ्या डब्याचं झाकण आहे गं," आई म्हणाली.

झाकणच होतं, मला दिसत होतं. पण मी पुढे बसलेल्या नवऱ्याच्या हातात टॉर्च दिला. नवरा टॉर्च घेऊन उतरला, चारही चाकांपाशी वाकून बघून आला, तोवर आम्ही तिघी थांबलो.