विंडो मारण्याआधी

बोरीत बसस्टँडच्या पलीकडे शिवाप्पांचं दुकान आहे. डावीकडे किराणा, उजवीकडे झेरॉक्स आणि ऑनलाइनची कामं, आणि मधे गल्ल्यावर स्वतः शिवाप्पा. घरातले आणि गावातले सगळे त्यांना अप्पा म्हणतात. उजवीकडच्या कॉम्प्युटरवर त्यांची सून ऋतुजा बसते. ती सेलूची, बीसीए झालेली. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, की शिकून घरात बसणार नाही. शिवकुमारला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि अप्पांना ऑपरेटर घरचाच मिळाला.

ती खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हे. प्लास्टिकची, बसलं की एका बाजूला कलणारी. पण तिच्यावर बसलं की आलेला माणूस ‘मॅडम’ म्हणायचा. घरी सासू गंगम्मा होती, स्वभावाने बरी, पण तिच्या राज्यात चूल, धुणं आणि दुपारची झोप यापलीकडे काही घडत नसे. लग्नानंतरचे पहिले काही दिवस ऋतुजाने ते राज्य पाहिलं होतं आणि तेवढ्यात तिचा जीव घुसमटला होता. म्हणून खुर्ची जाऊ द्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मशीन दगा द्यायला लागलं. काम चालू असताना पडदा एकदम निळा व्हायचा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. पुढे पुढे तर ते सुरू होईनासंच झालं. मग जिंतूरहून महारुद्रला बोलवायचं. हा महारुद्र भला माणूस, पण त्याच्याकडे औषध एकच. डोकं दुखो की पाय मोडो, इंजेक्शन तेच.

“वहिनी, विंडो मारावी लागती,” तो म्हणायचा.

विंडो मारायची म्हणजे आतली सगळी व्यवस्था पुसायची आणि नव्याने घालायची. महारुद्र कॉम्प्युटरचा डबा मोटरसायकलला बांधून न्यायचा आणि दोन दिवसांनी आणून द्यायचा. त्यानंतर ऋतुजाच्या नाकी नऊ यायचे. प्रिंटर ओळख विसरलेला, अंगठ्याचं यंत्र मुकं झालेलं, मराठी टायपिंग गायब, आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. एकदा भगवानरावांच्या मुलीचा लग्नाचा बायोडाटा त्यात पुसला गेला. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते.

“उडाला म्हंजी?” भगवानराव भर दुकानात ओरडले. “बायोडाटा हाय का चिमणी?”

लोक हसले. अप्पा मात्र हसले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “पोरी, तुझ्या हाताला यश न्हाई बग. पुन्ना इंडो मारायची पाळी आली तर मी बबिताच्या शिवप्रसादला बसवनार. तू मंग घर बग.”

बबिता ही अप्पांची धाकटी बहीण, झरीला दिलेली. तिचा मुलगा शिवप्रसाद कामाच्या शोधात होताच. ऋतुजा मान खाली घालून कागद सारखे करत राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पण रडत बसायची तिची जात नव्हती. तिने ठरवलं, की आता पडदा निळा झाला तरी महारुद्रला फोन करायचा नाही. आधी आपण शोधायचं. आजार कळल्याशिवाय रोग्याची सगळी कातडी बदलायची, हा कुठला इलाज? तिने सोप्यापासून सुरुवात केली. आधी प्रिंटर काढून पाहिला, मग अंगठ्याचं यंत्र. नव्याने टाकलेले दोन प्रोग्रॅम उडवले. डिस्क तपासली, ती चांगली निघाली. विंडोजच्या फाइली तपासल्या, त्याही धड होत्या. मशीन स्वतःच्या चुका कुठेतरी टिपून ठेवतं, त्या तिने उघडून वाचल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बहुतेक सगळे झटके सकाळचे आहेत, दुकान उघडल्यानंतर थोड्या वेळाने. आणि सोमवारी तर हटकून.

सोमवारीच का? मशीनला काय वार कळतो? शिवाय जिंतूरला महारुद्रकडे हेच मशीन दोन दिवस बिनतक्रार चालायचं. बोरीत पाऊल टाकलं की पुन्हा आजारी. सासुरवाशिणीसारखंच झालं हे, असं तिला वाटलं आणि त्या स्थितीतही तिला हसू आलं.

शेवटी तिने मेमरीची तपासणी लावली. ती मात्र लाल अक्षरांत बोंबलली. दुपारची वेळ होती. शिवकुमार माल आणायला परभणीला गेला होता, अप्पा घरी जेवून आडवे झाले होते. ऋतुजाने डब्याचं झाकण उघडलं आणि बघतच राहिली.

आत राख होती. पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, मेमरीच्या पट्टीवर, सगळीकडे करडी, मऊ राख, आणि तिच्यावर धुराचा चिकट थर. तिने बोट लावून वास घेतला. विभूती आणि धूप.

अप्पा रोज सकाळी अंघोळ, लिंगपूजा आटोपून दुकानात येत. आधी तराजूला विभूती, मग गल्ल्याला, मग कॉम्प्युटरला. तीन बोटांनी आडवे पट्टे ओढायचे आणि धुपाटणं ओवाळायचं. सोमवारी निखारे जास्त, धूप जास्त. मशीन बिघडायला लागल्यापासून तर नजर लागली म्हणून ते धूर आणखी वाढवत होते. जितकं बिघडेल तितका धूर, जितका धूर तितकं बिघडेल.

पूर्वी ते पट्टे पडद्यावर ओढायचे. ऋतुजा नवी नवी आली तेव्हा तिनेच मोठ्या हौसेने समजावलं होतं, “अप्पा, पडदा नुस्तं तोंड हाय. जीव ह्या डब्यात हाय.” तेव्हापासून अप्पांनी पडद्याचा नाद सोडला आणि डब्याच्या तोंडाशी, नेमकं पंखा हवा ओढतो त्या जाळीवर, विभूती लावायला सुरुवात केली. हे आठवल्यावर ऋतुजाने कपाळावर हात मारून घेतला.

तिने मऊ ब्रशने सगळं झाडलं, मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली आणि परत बसवली. राख केरात टाकायला तिचा हात धजेना. तिच्याही गळ्यात इष्टलिंग होतं. तिने ती कागदात गोळा करून घरामागच्या बेलाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. मशीन तोंडातून चकार शब्द न काढता सुरू झालं. तिला इतका आनंद झाला की तिने एकटीनेच टाळी वाजवली.

संध्याकाळी तिने शिवकुमारला सगळं सांगितलं. तो गार पडला.

“अप्पाला सांगायचं नाव काढू नगंस,” तो म्हणाला. “देवाच्या धुपानं मशीन खराब झालं म्हनशील? त्यांच्या पूजंला नाव ठेवलं तर तुझं पाऊलबी पडू द्यायचे न्हाईत दुकानात.”

“मंग काय करू?”

“केलंस तेच कर. गुपचूप पुसत ऱ्हा.”

मग ती पुसत राहिली. डबा टेबलाच्या आत, मागे सरकवला, वायर आखूड आहे अशी थाप मारली, आणि अप्पांची पाठ वळली की झाकण उघडून ब्रश फिरवायचा. दर वेळी दाराकडे बघत, कान रस्त्याकडे ठेवून. स्वतःच्याच दुकानात ती चोरासारखी वागत होती आणि याचा तिला मनापासून वीट आला होता. पण मशीन पळत होतं. निळा पडदा लोक विसरून गेले. भगवानराव मुलीची लग्नपत्रिका छापायला इथेच आले. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, “आमच्या सूनबाईच्या हाताला गुन हाय.” हे ऐकून तिला बरं वाटायचं आणि त्याच दमात लाजही वाटायची.

श्रावण लागला. ह्या महिन्यात धूर किती होणार, हे तिला दिसत होतं. किती दिवस लपवायचं? अप्पा आता आपल्यावर खूश आहेत, नीट बोललं तर समजून घेतील, असं तिने मनाशी ठरवलं. सोमवारी सकाळी ते धुपाटणं घेऊन टेबलाशी आले, तेव्हा ती उठून उभी राहिली.

“अप्पा, येक बोलायचं हुतं.”

“मलाबी बोलायचंय. आदी माजं ऐक.” अप्पांचा चेहरा प्रसन्न होता. “तुज्या हातानं मशीन पार सुदरलं बग. लय दिस झाले, येकदाबी आडलं न्हाई. आता कुनीबी बसलं तरी चालतंय. शिवप्रसाद पुढच्या म्हैन्यात यायलाय. तू लय राबलीस पोरी, आता घरी आराम कर. गंगम्मालाबी सोबत हुईल.”

ते मायेने बोलत होते, आणि तेच जास्त लागलं. ओरडले असते तर भांडता आलं असतं. मशीन बिघडलं तरी घर, सुधारलं तरी घर, आणि खरं बोललं तरी घरच. एवढ्या दिवसांचं शोधणं, पुसणं, घासणं, सगळं तिने स्वतःलाच खुर्चीवरून उठवण्यासाठी केलं होतं. ते नीट चालणारं मशीन तिला त्या क्षणी डोळ्यांसमोर नको झालं. कुणीही बसलं तरी चालेल म्हणे, पण ब्रश कुठे फिरवायचा, हे ह्या दुकानात फक्त तिलाच ठाऊक होतं.

“तुला काय बोलायचं हुतं?” अप्पांनी विचारलं.

ऋतुजा खाली वाकली. टेबलाच्या आतून तिने डबा पुढे ओढला आणि त्याची जाळी अप्पांच्या बाजूला वळवून ठेवली.

“काय न्हाई, अप्पा,” ती म्हणाली. “श्रावणातला सोमवार हाय. आज धूप जरा जास्तच घाला.”