माईकवर घेतलेलं नाव

गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत मी अकरा वर्षं माईकवर बोललो. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचं एरवी ऐकतं कोण? तिथे मात्र माझ्या आवाजावर सगळं मैदान उठायचं-बसायचं, आणि मला ते फार आवडायचं. आता लाज वाटते.

आमच्याकडे एक रीत आहे. मानाच्या कुस्तीला बाहेरचा मल्ल हात वर करून मैदानात फिरतो, जोड मागतो. कोणी उठलं नाही तर चांदीचं कडं न लढताच घेऊन जातो. पण माईकवर एखाद्याचं नाव घेतलं, तर त्याला उठावंच लागतं. बसून राहिला की जन्माची नाचक्की.

आमच्या जुन्या पैलवानानं ते कडं चार वेळा जिंकलं होतं. पुढे कुस्ती सोडून तो शेतीला लागला. यात्रेच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी आला.

“सर, उद्या माह्यं नाव घेऊ नका. मानेची नस दबली. खामगावच्या डॉक्टरनं कुस्ती बंद सांगतली. नाव घेतलं त मले बसवणार नाही.”

“निश्चिंत राहा, नाही घेत,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडकडच्या एका दांडग्या मल्लानं तीन फेऱ्या मारल्या, तरी कोणी उठेना. पाहुणे हसू लागले. मला ते सोसेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी आमच्या जुन्या पैलवानाचं नाव घेतलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सदऱ्याची बटणं काढायला लागला. हलगी कडाडली तेव्हा मला अभिमानानं रडू आलं, हेही सांगून टाकतो.

त्यानं चांगली झुंज दिली. एकदा तर समोरच्याला जवळजवळ चीत केलं होतं. मग तो मानेवर आदळला आणि उठलाच नाही.

आता त्याचा उजवा हात हलत नाही. बायको घास भरवते. ते पाप माझं आहे. महिन्याभरानं भेटायला गेलो, तर तिनं चहा दिला आणि सरळ विचारलं, “सर, यायनं तुमाले मानेचं सांगतलं नोतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

तो बाजेवरून ऐकत होता. “नाही सांगतलं मी,” तो तिला म्हणाला.

“मंग काऊन नाही सांगतलं?” ती त्याच्यावरच चिडली. “सरले माहीत असतं त सरनं नाव घेतलं असतं का?”

मी तिनं दिलेला चहा संपवला.