भार मागे घाल

२००६च्या पावसाळ्यात एका मोटारीपायी मी वेडा व्हायचाच बाकी होतो. मोटार खरी नव्हती. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात गाडी आपणच बनवायची, इंजिन, टाकी, बॅटरी हवी तिथे बसवायची आणि मग ती घाटरस्त्यावर सोडायची. माझी गाडी दर वेळी तिसऱ्या वळणावर सरळ कठड्यात घुसायची. त्यात आमच्या तारकर्लीची वीज. जरा जमतंय म्हणेपर्यंत गुल, की पुन्हा पहिल्यापासून.

माझी बारावी झाली होती. पुण्याला जाऊन गाड्यांचंच शिकणार, असं मी घरात जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून महिनाभर बाबा माझ्याशी धड बोलत नव्हते. त्यांच्याबरोबर मासेमारीच्या होडीवर आता कोण येणार, हे त्यांनी तोंडाने विचारलं नव्हतं इतकंच. मला त्यांचा होकार हवा होता आणि मागायची छाती होत नव्हती.

एका दुपारी जेवण झाल्यावर ते आपणहून माझ्या बाजूला येऊन बसले. गाडी पुन्हा आपटली.

"नाकावर चलता ती," ते म्हणाले. "भार मागे घाल. नाळ उचलाक व्हयी."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. लाटेवर चढायचं तर ते वर हवं. बाबा बोलले यातच मी इतका हरखलो की विचार केलाच नाही. पुढच्या चाकांवर बासष्ट टक्के भार होता. टाकी आणि बॅटरी मागे नेऊन तो बेचाळीसवर आणला. गाडीने वळणावर गरकन गिरकी घेतली.

"आजून मागे."

इंजिनही मागे नेलं. चढावर पुढची चाकं हवेत गेली आणि बाबा खूश! "बघ, उचालली मा!" पुढच्या क्षणी गाडी दरीत. असं चार वेळा झालं आणि माझं टाळकं सटकलं.

"बाबानू, ही होडी न्हय! तुमका कळणा नाय तर गप रवा!"

ते उठले आणि पडवीत जाळं घेऊन बसले.

मी दात-ओठ खात एकेक वस्तू पुढे सरकवत गेलो. बावन्नवर गाडी वळली, चक्क वळली. मग तो आकडा नीट डोक्यात शिरला. माझ्या बासष्टपेक्षा भार मागेच गेला होता. बाबांनी सांगितलं ते बरोबरच होतं, आम्ही जरा जास्त मागे गेलो एवढंच. हे मला शांतपणे सांगता आलं असतं.

"बाबानू, जमला! येवा बघूक," मी हाक मारली.

"बरां झालां," पडवीतून आवाज आला. "तुका कळता सगळा. जा तू पुण्याक."

महिनाभर ज्या होकारासाठी तडफडत होतो, तो मिळाला. असा नको होता.