सातव्या टर्मिनलची वायर

नेरूरकरबाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. नोकरीचा पहिला दिवस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, मशीन गरम झालंय असं वाटतं." बाई पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून घेत होत्या. माझं आडनाव परब हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे उत्तर थेट मालवणीत आलं. "आधी दिसला काय ता सांग. वाटला काय ता मगे."

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी बाईंच्या विद्वत्तेवर लिहितीलच. माझा तेवढा वकूब नाही. मी फक्त एका वायरीबद्दल लिहिणार आहे.

आमच्याकडे फ्रिजएवढं एक मशीन होतं आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. मशीन संध्याकाळी बंद व्हायचं आणि सकाळी नऊला सुरू. सुरू होताना सगळ्यात आधी उठतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल. तो उठला तरच बाकीचं घर उठतं. मी लागल्यापासून आठवड्याभरात हा कर्नल काही सकाळी उठता उठताच कोसळायला लागला. पडद्यावर 'पॅनिक' हा एक शब्द, खाली आकड्यांची एक ओळ, आणि खेळ खलास!

साहेबांचा हिशेब सरळ होता. "हा आला आणि वाट लागली." कर्नलमधल्या काही ओळी मी बदलल्या होत्या हे खरं, पण त्या काढून टाकल्या तरी मशीन कोसळायचंच. साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर दुसरीकडे बघ." माझ्या बाबांची गिरणी बंद पडली होती. घरात पगार येणार तो माझाच. भीतीने मला डबा गोड लागेना.

बाई मात्र शांतपणे वही लिहीत राहिल्या. वार, वेळ, कोण आलंय, पडद्यावर नेमकं काय आलं. कोणीतरी चिडवलंदेखील, "बाई, पंचांग काढताय का?" बाई म्हणाल्या, "काढतेय ना. तुझा विवाहयोग दिसला की कळवते."

वहीत दिसलं ते चमत्कारिकच होतं. मशीन कोसळायचं ते फक्त गुरुवारी आणि शनिवारी. दहा वाजता आमच्या घाटकोपरच्या पारेखबेन यायच्या, आपलं सात नंबरच्या टर्मिनलचं टेबल पुसून उदबत्ती लावायच्या, आणि मशीन सुरू व्हायचं! पारेखबेनच्या उदबत्तीचा महिमा अख्ख्या मजल्यावर पसरला. साहेबांनी एका शनिवारी मारुतीला नारळ फोडला. त्यानंतर पाच-सहा आठवडे मशीन एकदाही कोसळलं नाही. साहेब खूश. गणपती गेले आणि पुन्हा गुरुवारी पॅनिक!

त्या दिवशी बाईंनी वही माझ्यासमोर धरली. "नारळ फोडल्यावर काय लागला रे?"

"श्रावण," मी म्हणालो, आणि मला आमचे मासळीचे डबे आठवले.

बुधवार आणि शुक्रवार बाई धरून आम्हा चौघांचे मासळीचे वार. शाकाहारी मंडळींना वास नको म्हणून आम्ही मागच्या पॅसेजमध्ये जेवायचो. आधी तिघंच होती, खिडकीच्या कट्ट्यावर भागायचं. मी चौथा आलो आणि मोठं टेबल लागायला लागलं. पॅसेजच्या तोंडाशी होतं ते सात नंबरचं. टर्मिनल बाजूला सरकवून, त्याची वायर काढून, आम्ही बांगड्याचं तिखलं आणि भात वाढून घ्यायचो. पारेखबेन अर्ध्या दिवसाच्या, जेवणाआधीच घरी जायच्या, त्यामुळे वायर तशीच लोंबकळत राहायची. दुसऱ्या दिवशी वासाने वैतागून पारेखबेन उदबत्ती लावायच्या आणि वायरही जोडायच्या.

मंगळवारी बाईंनी ती वायर मुद्दाम काढून मशीन सुरू केलं. कोसळलं. जोडून सुरू केलं, उठलं. असं तीनदा केलं. पलीकडच्या लिफ्टच्या मोटरीमुळे त्या लोंबकळत्या वायरीत काहीबाही संकेत शिरत होते. सात नंबरवर कोणी टाइप करतंय असं कर्नलला वाटायचं, आणि ते ऐकायची तयारी व्हायच्या आतच तो ऐकायला धावायचा.

साहेबांना कळल्यावर ते भडकले. "उद्यापासून ऑफिसात मासे बंद! आणि वायर कोण काढतं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "वायर आम्ही जेवताना काढतो, साहेब. पण वायर निघाली म्हणून कर्नल मरता कामा नये. टर्मिनलचा तो भाग मी लिहिलाय. चार ओळींचा क्रम चुकला. चूक माझी आहे." सगळ्या ऑफिससमोर! संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या चार ओळी बदलल्या. मासे चालू राहिले आणि माझी नोकरीही.

पुढे माझ्या हाताखाली पुष्कळ मुलं आली. काही बिघडलं की कोणी केलं हे मी आधी कधी विचारलं नाही. काय दिसलं एवढंच विचारलं.

बाई, आता थोडं तुमच्याशी बोलतो. ती वायर दर खेपेला मीच काढायचो. तिचे दोन बारीक स्क्रू पुन्हा पिळायचा मला कंटाळा यायचा. साहेबांनी विचारलं तेव्हा मी घाबरून जमिनीकडे बघत बसलो. तुम्ही माझ्या समोरच डबा उघडून बसायचात, तुम्हाला सगळं दिसलेलं होतं. जे दिसेल ते लिहायचं हा तुमचा नियम. पण वही मी नंतर चोरून चाळली. तिच्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

एवढी एकच गोष्ट तुम्ही दिसूनही लिहिली नाहीत. ती आज मी लिहून टाकली. तुम्हाला ठणठणीत तब्येतीची शंभर वर्षं मिळोत. येत्या बुधवारी बांगडे घेऊन घरी येतो, तुमच्या टेबलावरचं काहीही न हलवता जेवू.