सुनीताचं अस्वल

ऑपरेशननंतर माझा आवाज परत आलाच नाही. गळ्यातली गाठ निघाली, जीव वाचला. पण अहेरीपलीकडच्या जंगलगावात शिकवणाऱ्या बाईजवळ नुसती कुजबुज उरली, तर तिनं करायचं तरी काय? घरचे म्हणत, देवानं वाचवलं. मला मात्र त्यानं अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटे.

मी सावली तालुक्यातल्या बौद्ध घरातली. नागपूरला नोकरी करताना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या मौनसभेत बसू लागले आणि त्यांच्यातलीच झाले. आमच्यात पुजारी नाही, प्रवचन नाही. सगळे गप्प बसतात. ज्याच्या आतून शब्द उठेल तो उभा राहून बोलतो. ही मंडळी त्या जंगलगावात शाळा चालवायची, छोटी पुस्तकं छापायची. गोंड मुलांसाठी मराठी वाचनपुस्तक लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मुलं माझी वाक्यं घडाघडा पाठ म्हणत, पण स्वतःचं एक वाक्य कुणी बोलत नसे. आवाज गेला तेव्हा वाटलं, वरून निरोपच आला आहे, बाई, आता पुरे.

शाळा सोडायचं ठरवून शेवटचं भेटायला वर्गात गेले. तोंड उघडलं तर कुजबुजही न उमटता नुसती हवा निघाली. मुलं घाबरली. मला जे एकच येत होतं ते मग मी केलं. त्यांच्यात मांडी घालून बसले, डोळे मिटले. मुलंही बसली. मनात प्रार्थना नव्हती, रागच होता.

इतक्यात एक अनोळखी बाई दारात आली. बाजाराला निघालेली, डोक्यावर टोपली, पाणी मागायला थांबलेली.

"काऊन गप्प आहा सारे? कोनी गेलं का?"

"नाई. बाईचा आवाज गेला," सुनीता म्हणाली. सगळ्यांत मागे बसणारी ही मुलगी वर्गात आजवर आपणहून बोललीच नव्हती.

"मंग तुमी बोला नं! तुमचा तं हाये."

ती टोपली उतरवून बसली आणि मोहाच्या झाडाखाली गाठ पडलेल्या अस्वलाची गोष्ट गोंडीत सांगू लागली. मुलं खो खो हसली. सुनीता ताडकन उठली आणि तिच्या आईनं पळवून लावलेल्या अस्वलाची गोष्ट हातवारे करत सांगू लागली. तिच्यानंतर दुसरा उठला, मग तिसरी. पाणी पिऊन बाई केव्हा गेली ते कळलंही नाही. पुढे बाजारात मी तिची चौकशी केली. कुणाला माहीत नव्हती. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

मी माझं हस्तलिखित बाजूला ठेवलं. रोज सकाळी आम्ही गप्प बसू लागलो. ज्याला आतून वाटेल तो बोलायचा, मग सगळे मिळून लिहायचे, वर गोंडी आणि खाली मराठी. नागपूरच्या मंडळींना आधी हे पटेना. आमच्यात मतदान नसतं. एकमत होईपर्यंत थांबतात. मुलांनी लिहिलेली पानं सभेत हातोहात फिरली. शेवटी सर्वांत जास्त विरोध करणारे गृहस्थच उठून म्हणाले, "छापू या."

चंद्रपूरच्या छापखान्यातून पुस्तकं आली तेव्हा सगळा गाव शाळेपुढे जमला. सुनीतानं तिचं पान आधी गोंडीत वाचलं, मग मराठीत, एकदाही न अडखळता. पुढच्या वर्षी तिला शाळेतून काढायचं ठरवलेला तिचा बाप पुढे आला. पानावर बोट ठेवून म्हणाला, "हे माह्या पोरीनं लिवलं?" ती मान हलवून हसली. "मंग शिकू दे तिले. लई शिकू दे!" टाळ्यांचा कडकडाट झाला, ढोल वाजू लागले, बाया हातात हात घालून नाचायला उतरल्या आणि मलाही त्यांनी ओढलं.

जे मी मुठीत धरून चालवू पाहत होते, ते मूठ उघडल्यावर चाललं. यासाठी कुणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक आहे, आणि रोज गप्प बसून तेवढंच करते. त्या दिवशी नाच ऐन रंगात आला असताना नदीपलीकडच्या गावची माणसं गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. पुस्तक छातीशी धरून त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्यानं विचारत होती, "बाई, आमच्या गावचं कवा?"