मी आमेन म्हटलं नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्राथमिक शाळेच्या समितीवर मला घेतलं ते इंग्रजीसाठी. मिशनच्या कचेरीला सभेचा वृत्तांत इंग्रजीत लागायचा, आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली, शिवाय फारसं न बोलणारी. पगार कुणालाच नव्हता.

त्या हिवाळ्यात ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीपासून शाळेत नव्हती. समितीचे अध्यक्ष पाळकसाहेब म्हणाले, "त्यांची नावं पटावरून कमी करू. लिही, सर्वानुमते मंजूर."

आमच्याकडे हात वर करायची पद्धत नव्हती. साहेब ठराव सांगत, सगळे आमेन म्हणत आणि चहा येई. त्या दिवशीही सगळे आमेन म्हणाले. मी पेन खाली ठेवलं.

"मी म्हटलं नाही," मी म्हणाले.

"ताई, तू लिहायला आहेस."

"मी सभासदही आहे. ती मुलं गुढीपाडव्याला परत येतील, तेव्हा कुठं बसतील? एक सभासद विरोधात, असं लिहिते."

कोपऱ्यातले म्हातारे शेतकरी सभासद हसले. "साहेब, माजंबी आमेन जरा घाईतच गेलं. दोन लिव्ह, पोरी."

समितीतली फूट दाखवणारा वृत्तांत कचेरीला पाठवायची साहेबांना लाज वाटली. ठराव बारगळला. मुलं परतली तेव्हा हजेरीत त्यांची नावं होती.

पुढच्या वर्षी समितीत माझं नाव नव्हतं. सभा चर्चच्या ओसरीवर भरायची, तिथं कुणालाही बसता येई. मी दर सभेला जाऊन तिथं बसले, वही घेऊन.