भिंगाचे काठ

माझं काम सांगितलं की आमच्या गावात, साखऱ्यात, कुणी डोकं खाजवतं, कुणी सरळ विषय बदलतं. पुण्यात मी कॅमेऱ्यांची भिंगं बनवतो. मी कसली बनवतो म्हणा, संगणकच बनवतो. त्यात भिंगांचे ढीगभर नमुने सोडायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, बरे तेवढे ठेवायचे, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी काढायची, बाकीचे फेकायचे. असं करत करत चांगलं भिंग हाती लागतं.

"बियाणं निवडल्यावानीच की," माय म्हणाली होती.

त्या दिवाळीत घरी आलो तो वैतागूनच. तेव्हा हाती असलेलं मेलं एक भिंग मधोमध लख्ख दाखवायचं आणि काठाला सगळं पुसट. काठाचे गुण वाढवले की मधलं बिघडायचं. ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मायनं शेजारी चहा ठेवला आणि वळताना तिच्याच पायानं कप लवंडला.

"ध्यान कुठं राह्यतं गं तुझं?" बाप खेकसला. सकाळीच ती चौकटीला खांदा आपटून आली होती, आदल्या दिवशी वासराला धडकली होती. आम्ही सगळे हसलो. तीही हसली. माझं काठाचं रडगाणं ती सकाळपासून ऐकत होती; पडद्याकडं बघून म्हणाली, "काठाचं काहून एवढं घेऊन बसलास? माणूस मधीच पाह्यतं ना रे!"

"तुला न्हाई कळायचं, माय," म्हणालो आणि परत कामाला लागलो.

उन्हाळ्यात चष्म्यासाठी तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी एका यंत्रासमोर बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि आजूबाजूला दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं. मी मागं उभा राहून डॉक्टरांच्या पडद्यावर बघत होतो. काठाला दिवे लागत होते, विझत होते. मायचा अंगठा हलतच नव्हता.

"दाब की, माय!"

"दिसंल तवा दाबीन ना!" ती माझ्यावरच डाफरली.

काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, काठाकडून गुपचूप नजर खात येतो. थेंब घालून उरलेलं राखता येईल, गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. परतीच्या जीपमध्ये तो लवंडलेला कप, ती चौकट, ते वासरू आठवत राहिलं. दिवाळीतच आणलं असतं तर!

भिंग पुढं जमलं, अगदी काठापर्यंत लख्ख. साहेबांनी पेढे वाटले. मी माझा शेजारच्याला देऊन टाकला.

आता घरी गेलो की सवयीनं ओसरीवर तिच्या बाजूलाच बसतो. आवाज ऐकला की ती सगळी मान वळवून मला शोधते.

"असा मधी ये ना रे लेकरा," म्हणते, "काठाला काहून बसून राहिलास?"